सीलबंद बादली

“तीन कोटेशनं लागतील,” सरकारी रुग्णालयाच्या खरेदी विभागातला कारकून म्हणाला.

समोरची बाई शिवणकाम करायची. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला लाखात एखाद्यालाच होणारा आजार होता. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन मिळालं नाही, तर पायांतलं बळ उतरायला लागे. सरकारी योजनेत मुलीचं नाव बसलं होतं, पैसा मंजूर होता. आता रुग्णालयाने फक्त औषध विकत घ्यायचं होतं.

“अहो, जगात एकच कंपनी बनवते ते.”

“असेल. आमच्या नियमात तीन आहेत.”

“उरलेल्या दोन काय मी जन्माला घालू?”

“ताई, कोटेशन द्यायला कंपनी कशाला? लेटरहेड असलं की झालं.”

तिच्या दिराची दोन दुकानं होती, एक रंगाचं, एक नळांचं. वहिनीसाठी त्याने दोन्ही लेटरहेडांवर अव्वाच्या सव्वा आकडे ठोकून दिले. बिचाऱ्याच्या अव्वाच्या सव्वाची झेप खऱ्या किमतीच्या पावपटीपर्यंतही गेली नव्हती. सर्वांत कमी दर म्हणून ऑर्डर रंगाच्या दुकानाला मिळाली.

“रद्द करा,” बाई दात-ओठ खात म्हणाली.

“मग फाइल पहिल्यापासून. त्यापेक्षा भाऊजींना भलताच माल आणायला सांगा. आम्ही नाकारतो, त्यांची दोन्ही दुकानं बाद करतो. उरली कंपनी.”

दिराने पांढऱ्या रंगाची बादली भांडारात नेऊन ठेवली. भांडारपालाने ऑर्डरचा क्रमांक ताडून पाहिला, बादली मोजली, एक भरली, आणि शिक्का मारला: ‘माल मिळाला. सुस्थितीत.’

“अहो, उघडून तरी बघा,” दीर काकुळतीला आला.

“सीलबंद औषध उघडता येत नाही.”

झालं. कागदोपत्री मुलीचं वर्षाचं औषध पोचलं. मुलगी मात्र सकाळपासून भिंत धरून चालत होती.

बाईने एका कडेवर मुलगी घेतली, दुसऱ्या हातात भांडारातली बादली, आणि तडक जाऊन अधीक्षकांच्या टेबलावर बादली आदळली.

“साहेब, तुमच्या शिक्क्याचं औषध. पोरीला टोचा, असं लिहून सही करा.”

“बाई, हा रंग आहे.”

“मग तसं लिहा आणि सही करा.”

अधीक्षकांनी पेन खिशात ठेवलं आणि बाईमागोमाग धावत आलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून खाकरला. “साहेब, एकच कंपनी असली तर थेट खरेदी करता येते. कलम आहे तसं.”

पेन पुन्हा बाहेर आलं. सही झाली, फोन झाला. औषध संध्याकाळपर्यंत येणार होतं.

“हे कलम कधीपासून आहे?” बाईने विचारलं.

“पहिल्यापासून,” कारकून म्हणाला. “पण ताई, तुम्ही कलम कुठे मागितलंत? तुम्ही तर औषध मागत होतात.”