चार महिन्यांच्या वानखेडेबाई

वानखेडेबाई टूथपेस्टसुद्धा विचारून घ्यायच्या. "भैया, चार महीने में खतम हो जाएगी ना?" दुकानदार अभिमानानं सांगायचा, "अजी मॅडम, छह महीने चलेगी!" मग बाई ती परत ठेवून लहान ट्यूब उचलायच्या.

दिल्लीच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं इतिहास शिकवायचो, तिथं मी पक्का आणि त्या कच्च्या. त्यांच्या नेमणुकीचं पत्र चार महिन्यांचं. मुदत संपली की एक दिवस घरी, मग नवं पत्र. अशी अकरा वर्षं गेली. वर्गात मौर्यांपासून मोगलांपर्यंत सहज फिरून येणाऱ्या बाई स्टाफरूममध्ये पुढच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की म्हणायच्या, "सर, चार महिन्यांच्या आतलं बोला." मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्वतःचा कप धुऊन घरी न्यायच्या आणि नवं पत्र आलं की परत आणायच्या.

नोएडात तेव्हा नवनवे सेक्टर उभे राहत होते. आम्ही फ्लॅट बुक करत होतो, बाई भाड्याच्या खोल्या बदलत होत्या. नागपूरहून एक स्थळ आलं, तर म्हणाल्या, "माझं पत्र बघून तेही चार महिन्यांपुरतंच हो म्हणतील." आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या.

कामाला मात्र मुदत नव्हती. टाइमटेबल, संमेलनाची रांगोळी, पाहुण्यांचे गुच्छ, सगळं बाईंकडे. विभागप्रमुख त्यांना म्हणायचे, "नलिनीजी, आप तो घर की हैं।" कच्चे पुरुषही दोघं होते. त्यांना कुणी घरचं म्हटलं नाही.

अखेर पक्की जागा निघाली. मुलाखतींची तयारी अर्थातच बाईंनी केली. उमेदवारांची यादी टाइप केली, त्यात सातवं नाव स्वतःचं. त्या दिवशी शिपाई आला नाही. सातवा नंबर पुकारला तेव्हा बाई बगलेत फाइल आणि हातात चहाचा ट्रे घेऊन आत गेल्या. मुलाखत घेणाऱ्या तज्ज्ञांनी घोट घेतला. "चीनी कम है।"

बाई साखर आणायला बाहेर आल्या!

परतल्या तेव्हा खुर्चीत आठवा उमेदवार बसला होता. प्रमुख हसून म्हणाले, "इनका क्या इंटरव्यू, ये तो घर की हैं।" मी दारातच उभा होतो. एक वाक्य बोलता आलं असतं. बोललो नाही, त्याची लाज अजून वाटते.

जागा आठव्याला मिळाली. रविवारी मी बाईंच्या घरी गेलो. बाल्कनीत मेथी, कोथिंबीर, सगळा महिन्या-दीड महिन्याचा माल. कोपऱ्यात मात्र एका निळ्या ड्रममध्ये माझ्या खांद्याएवढं लिंबाचं झाड, फळांनी लगडलेलं.

"हे कधीचं?"

"पहिलं पत्र आलं त्या दिवशी बी पेरलं होतं. घर बदललं की टेम्पोत आधी हे चढतं." बाईंनी एक पिवळं पान खुडलं. "याला चार महिन्यांचं काही सांगितलंच नाही मी."

त्याच लिंबांचं सरबत त्यांनी पुढं केलं आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना, सर?"

कमी होती. बाई अर्धवट उठल्याही होत्या.

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. "तुम्ही बसा."