खिळेमास्तर

चिखलीच्या शाळेत मी ड्रॉइंगमास्तर म्हणून रुजू झालो, त्याला आठवडाही झाला नव्हता. सकाळी फाटकातून आत शिरतो तोच एक धोतर-कोटातले गृहस्थ धावत आले आणि माझी बाही धरून म्हणाले, "देशमुख, त्या बाईचं दुसरं पत्र सापडलं. नवरा अजून घरी नाही आला."

मी घाबरलो. "कोणाच्या घरची हो? पोलिसांत वर्दी देऊ का?"

"वर्दी काय देता? तिले मरून चार हजार वर्षं झाली."

हे आमचे खिळेमास्तर. खरं नाव वामनराव, शिकवायचे इतिहास. पण बाबिलोन आणि असीरिया या देशांच्या जुन्या भाषा, त्यांची ती खिळे विखुरल्यासारखी लिपी, हाच त्यांचा संसार. दुसरा संसार त्यांनी केला नव्हता. मलकापूर स्टेशनातल्या एका बेने इस्राईल तारबाबूंकडून ते हिब्रू शिकले, मशिदीतल्या मौलवींकडून अरबी, आणि तिथून मागे मागे जात थेट त्या बाईच्या अंगणात पोहोचले. बाई घरी कापड विणायची, नवरा गाढवांवर लादून परमुलखात विकायचा.

"आन् नवरा वरतून लिहिते काय, तर वीण जाड आहे म्हणते," मास्तर चिडून सांगायचे. "स्वतः बसून पाहा म्हणा एक दिवस मागावर." चिखलीच्या कापूसबाजारातही ही बाई ठाऊक होती. तिच्या नवऱ्याला तिथे कोणी चांगलं म्हणत नसे.

पुस्तकातल्या फोटोवरून मास्तर ती पत्रं जशीच्या तशी मातीवर उतरवायचे. "नुसतं पाहून समजत नाही. हातानं लिवा लागते." ओल्या मातीची हाताएवढी वीट, ज्वारीच्या धांड्याचा तिरपा कापलेला तुकडा, आणि टुक टुक टुक. मग ती वीट ओसरीत वाळायची. तिथे पाऊल ठेवायची सोय नव्हती.

एवढा उत्साही माणूस पाहिला की माझ्यासारख्याच्या अंगात खोडी येते. वाळत्या विटांवरच्या खुणा मी चोरून कागदावर उतरवल्या. ड्रॉइंगमास्तर कशाला झालो होतो? अर्थ कोणाला पाहिजे होता. इथला एक खिळा, तिथले चार, असं करत मी स्वतःची वीट तयार केली, सखाराम कुंभाराच्या भट्टीत भाजली, चहाच्या पाण्यात बुडवली आणि मास्तरांच्या हातात ठेवली. "सुलतानपूरला सासऱ्याच्या मळ्यात विहीर खोदताना निघाली," मी म्हणालो.

मास्तरांनी वीट उन्हात धरली, उलटी केली, हुंगली. मग कापसात गुंडाळून पेटीत ठेवली.

मी घरी जाऊन पोट धरधरून हसलो. ते हसू बुधवारपर्यंत टिकलं. बुधवारी हेडमास्तरांची नोटीस फिरली: शनिवारी वामनरावांचं व्याख्यान, अध्यक्ष तहसीलदारसाहेब. व्याख्यान माझ्याच विटेवर असणार, दुसरं काय! सतरा वर्षांची विद्या, आणि तहसीलदारासमोर हा माणूस माझी वीट धरून उभा राहणार. कुंभार एक शब्द बोलला की गाव त्यांना जन्मभर हसणार.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीत उभा राहून मी सगळं कबूल केलं.

"बसा," मास्तर म्हणाले. "ती वीट सरकवा आन् बसा. मले त्याच दिवशी समजलं. सखारामच्या मातीत भुश्याचं कुटार असते. मी त्याच्याकडूनच माती आणतो ना."

"मग व्याख्यान?"

"ते बाईच्या पत्रावर आहे. नोटीस वाचली नाही काय तुम्ही?"

पुरती नव्हती वाचली. सही करून पुढे सरकवली होती.

"मास्तर, मग माझी वीट कापसात कशाला ठेवली?"

ते धांड्याचं टोक बोटानं चाचपत राहिले. "सतरा वर्षं झाली, मी दुसऱ्याची पत्रं वाचून राह्यलो. चिखलीत ही लिपी वाचणारा मी एकटा. मग तुम्ही लिवलं ते कोणाले लिवलं? मलेच ना?"

मी विचारलं, "काय लिहिलं होतं मी?"

"काही नाही. तीनदा तेल, दोनदा मेंढी. एका जागी मात्र 'तुमची तब्येत कशी आहे' असं जमून गेलं."

फळीवरून त्यांनी एक छोटी वीट काढली. बारीक, सरळ ओळी, एकही खाडाखोड नाही. "उत्तर. परवाच लिवलं. पण तुम्हाले वाचता येत नाही, म्हणून दिलं नाही."

वीट हातात घेऊन मी ती इकडून तिकडे फिरवली. मला तिची वरची बाजूही कळेना.

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "शिकवा."

मास्तर आत गेले आणि माझ्यासाठी दुसरा धांडा कापू लागले.