ऊस संपला की डावीकडे

वाटेत कुणालाही रस्ता विचारायचा नाही, नकाशावरच जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आमच्या मुलाचा, तुषारचा साखरपुडा पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर होता. मुलगी आम्ही राहात्याला तिच्या मामाकडे पाहिलेली. वस्ती आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. त्यात मुलीच्या आजीचा, कडूबाईंचा निरोप होता, की उशीर करू नका. आधीचं एक स्थळ उशिरा आलं म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

नकाशे दोन होते. एक नगरहून आणलेला, छापील (त्यात पुणतांबा मोहरीएवढं आणि वस्तीचा पत्ताच नाही). दुसरा मामांनी दिवाळीत एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला. जो जाऊन आला त्याने त्यात आपली खूण भरायची, ज्याला हवा त्याने उतरून घ्यायचा. मला हा लोकांचा नकाशा पसंत पडला. रंगीत पेन्सिलींनी मी तो उतरवला. शेवटची खूण ठळक केली: ‘ऊस संपला की डावीकडे.’

कोल्हारहून भाड्याच्या जीपने निघालो. खुणा एकेक जुळत गेल्या, पण ऊस काही लागेना. दोन्ही बाजूंना तोडून नेलेली मोकळी रानं. दिवाळीतला ऊस माघात उभा नसतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बायको म्हणाली, “अहो, त्या रानातल्या बाईंना विचारा की.” मी तिला हातानेच थांबवलं, कारण लांबवर ऊस दिसला होता.

जवळ जावं तसा तो पुढे सरकत होता.

ती उसाची ट्रॉली होती. हे कळेपर्यंत आमच्या मागे बैलगाड्या लागल्या होत्या आणि जीप साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या रांगेत अडकली होती. ऊस संपतो ती जागा हीच, असं मी म्हणून पाहिलं. बायको माझ्या नकाशाने वारा घेऊ लागली. (तेच भयंकर होतं.) नवरदेव अंगठीची डबी मुठीत धरून घामाघूम.

तेवढ्यात पुढच्या ट्रॉलीवरून फेटा सावरत एक गृहस्थ उतरले. मी थिजलोच. ते मुलीचे वडील, रंभाजी. महिनाभर आज-उद्या करणारी ऊसतोड टोळी नेमकी त्याच दिवशी त्यांच्या रानात उतरली होती. वजन झाल्याशिवाय हलता येईना, आणि घरी कडूबाई.

“पाहुणं, मला हुडकत इथवर आलात व्हय? लई उपकार झाले. आता आईला सांगतो, पाहुण्यांसंगंच हुतो.”

मी नम्रपणे मान हलवली.

वजन झालं. रंभाजी जीपमध्ये बसून वाट दाखवत गेले, आणि स्वतःचा मुलगाच बरोबर पाहून कडूबाईंनी आम्हा सगळ्यांना एकदमच घरात घेतलं. रंभाजींनी चारचौघांत माझी तारीफ केली, की असा वाटा जाणणारा माणूस बघितला न्हाई. मी नकाशा काढून दाखवू लागलो. मग बोलणी सुरू झाली आणि कुणीतरी तुषारला विचारलं, तुझी काही अट आहे का?

“एकच,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “लग्न आमच्या दारात व्हावं. तिथवरचा रस्ता अण्णांना माहीत आहे.”