आईच्या टॅबलेटची बॅटरी घरच्या घरी बदलण्याबाबत

कोणतीही वस्तू बिघडल्याशिवाय तिचं घरातलं नेमकं स्थान कळत नाही. चालू असते तोवर ती सगळ्यांची असते. बंद पडली की ती एकदम कोणाची तरी होते, आणि तिची दुरुस्ती भलत्याच कोणाची तरी होते. आमच्याकडे टॅबलेट आईचा आणि दुरुस्ती माझी, अशी वाटणी झाली.

मी वजनमापे कार्यालयात पडताळणी अधिकारी आहे. दुकानांतले तराजू खरं बोलतात की नाही हे बघणं माझं काम. त्याचा टॅबलेटशी काडीचाही संबंध नाही, परंतु "तुझ्या बॅगेत स्क्रूड्रायव्हर असतो" एवढ्या पात्रतेवर माझी बिनविरोध निवड झाली. (विरोध मी एकट्याने केला होता. तो नोंदवून घेण्यात आला नाही.)

बिघाडाचं स्वरूप असं होतं की टॅबलेट फुगला होता. बॅटरी म्हातारी झाली की पोटात वायू धरते. त्यामुळे स्क्रीन एका कडेने उचलली गेली होती आणि टॅबलेट टेबलावर ठेवला की डुगडुगत होता. चालू केला की क्षणभर उजळायचा आणि मान टाकायचा. आईने तो काही दिवस उशीखाली ठेवून सपाट करण्याचा प्रयत्न केला. हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. बॅटरी पेट घेऊ शकते हे मी वाचून दाखवल्यावर तिने फक्त उशी बदलली.

अधिकृत सेवा केंद्रात एक हसतमुख तरुण बसतो. त्याने टॅबलेट हातात न घेता, नुसता नजरेने तपासून निकाल दिला.

"याला आता आधार नाही, सर."

"म्हणजे?"

"कंपनीने आधार काढून घेतलाय, म्हणजे याची दुरुस्ती बंद. नवीन घ्या. पासवर्ड टाकला की जुनं सगळं नव्यावर येतं."

अत्यंत सोपा उपाय होता. अडचण एवढीच की तो पासवर्ड आईला ठाऊक नव्हता. टॅबलेट घेतला तेव्हा तो मावशीने घालून दिला होता, आणि मावशीशी आईचं बोलणं नाही.

हे न बोलणं आमच्या घरातली सर्वांत सुव्यवस्थित चाललेली यंत्रणा आहे, म्हणून तिची माहिती देतो. मावशी आईची धाकटी बहीण. समोरच्या इमारतीत, आमच्याच मजल्याच्या उंचीवर, रस्त्यापलीकडच्या खिडकीत राहते. आजी गेल्यावर तिचं शिवणयंत्र आईकडे आलं आणि त्या यंत्राचं लाकडी झाकण मावशीकडे गेलं. (टेम्पोच्या एका खेपेत दोन्ही मावली नाहीत.) आईचं म्हणणं, यंत्र माझं, तर झाकण तिने आणून द्यावं. मावशीचं म्हणणं, हवंय तिला, तर तिने येऊन न्यावं. मधला रस्ता जेमतेम दोन गाड्या जातील एवढा आहे, पण गेली दोन वर्षं तो कोणी ओलांडलेला नाही. आमच्याकडे यंत्र धूळ खातं. मावशीकडे ते झाकण काहीही न झाकता उभं आहे.

बोलणं बंद झालं त्या दिवशी दोघींचा टॅबलेटवर बुद्धिबळाचा एक डाव अर्ध्यावर होता. तो तसाच चालू राहिला. त्या खेळात चाल करायला आठवड्याची मुदत असते, मुदत चुकली की डाव गेला. आई साधारण आठवडाभर विचार करते, मावशीही करते. थोडक्यात, दोन वर्षं या दोघी एकमेकींशी महिन्याला चार शब्द बोलत होत्या आणि तेही घोडा, उंट, प्यादं अशा स्वरूपाचे. या वेळी चाल आईची होती आणि मुदत रविवारी संध्याकाळी संपत होती.

"मी मावशीला पासवर्ड विचारून येऊ का?" मी म्हणालो.

"विचारलास तर घरी येऊ नकोस," आई म्हणाली. "तिथेच राहा. झाकणाखाली जागा आहे."

तेव्हा बॅटरी मागवण्यात आली.

घरच्या घरी बॅटरी बदलणे ही आज एक मोठी चळवळ आहे. तिचे आचार्य व्हिडिओतून शिकवतात. माझ्या आचार्यांचे फक्त हात दिसायचे. अतिशय स्वच्छ हात होते. नखं बघूनच कळत होतं की या माणसाच्या हातून आयुष्यात काहीही खाली पडलेलं नाही. ते म्हणाले, काम सोपं आहे, वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं मी कामाच्या सवयीने पडताळून पाहिली. मापात खोट निघाली ती एक अख्खा शनिवार आणि रविवारचा मोठा भाग, इतकी. एखाद्या दुकानदाराने एवढी खोट मारली असती तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं. आचार्यांना मात्र लाखो लोकांनी अंगठा दाखवून पसंती दिली आहे.

बायको दातांची डॉक्टर आहे. बारीक कामाचा तिचा हात सुरेख आहे, म्हणून मी तिलाच गळ घातली.

"मी नातेवाइकांच्या देखत पेशंटला हात लावत नाही," ती म्हणाली. "तू कर. मी मदतीला उभी राहते."

उजेडासाठी टेबल खिडकीशी ओढलं. स्क्रू दिसावेत म्हणून त्यावर पांढरी चादर घातली. कोपऱ्यात खबरदारी म्हणून वाळूची बादली. बायकोने दवाखान्यातले हातमोजे आणि मास्क चढवला, कारण फुगलेली बॅटरी फुटली तर वास वाईट येतो. दवाखान्यातला डोक्यावरचा दिवा मला बांधला. आई टॅबलेटच्या उशाशी खुर्ची घेऊन बसली.

पहिली पायरी, काचेची कड गरम करून आतला गोंद सैल करणे. यासाठी केस वाळवायचा ड्रायर वापरतात. मी ड्रायर फिरवला आणि काचेवर रबरी वाटी चिकटवून ओढलं. काही झालं नाही. आणखी ओढलं.

"वरून जोर नको," बायको मास्कमधून म्हणाली. "कडेने जा. हळूहळू सैल कर. आणि त्याच्याशी बोलत राहा."

"कोणाशी?"

"सवय आहे रे. चुकून म्हटलं."

टक्क असा आवाज झाला. काचेच्या कोपऱ्याला एक केसासारखी रेघ गेली. मी आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटले होते.

"राजाच्या बाजूला की वजिराच्या?" तिने विचारलं.

"वजिराच्या."

"मग चालेल."

काच उघडली. आत चकचकीत फुगीर बॅटरी होती, तिच्याभोवती तिळाहून बारीक स्क्रू आणि रिबिनीसारख्या केबली. स्क्रूंच्या बाबतीत आचार्यांचा आदेश होता की ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने मांडा. मी चादरीवर अगदी शिस्तीत मांडले. मग मला शिंक आली.

(गृह-दुरुस्तीच्या एकूण वेळापैकी सत्तर टक्के वेळ जमिनीवर जातो, उरलेला एकमेकांवर.)

एकेक करून सगळे स्क्रू सापडले, एक सोडून. मग खालची जुनी बॅटरी काढायची होती. ती तळाला घट्ट चिकटलेली असते आणि टोकदार काही लावलं तर भडकते. इथे बायकोने आपली माघार मागे घेतली. दात साफ करायचा मेणाचा दोरा तिने बॅटरीखालून घातला आणि अलगद करवतीसारखा पुढेमागे ओढू लागली. मी टॅबलेट धरून उभा. तेवढ्यात आईला कपाटाखाली काहीतरी चमकताना दिसलं आणि कोणाला काही न सांगता ती जमिनीवर पालथी झाली. गेली सहज, उठता मात्र येईना.

"अरे, मला धरा," खालून आवाज आला.

आम्ही दोघं वाकलो आणि तिला काखेत धरून उचलू लागलो.

आता हाच प्रसंग समोरच्या खिडकीतून कसा दिसला असेल ते पाहू. खिडकीशी टेबल, त्यावर पांढरी चादर. हातमोजे आणि मास्क घातलेली डॉक्टर, दोरा ओढून ओढून काहीतरी शिवते आहे. डोक्याला दिवा बांधलेला मुलगा घामाघूम. बहीण मघापर्यंत खुर्चीत दिसत होती, ती एकाएकी दिसेनाशी झाली. मग दोघंही धावून खाली वाकले. आणि आठवडा होत आला तरी बहिणीची चाल आलेली नाही.

दार वाजलं नाही, ढकललंच गेलं. मावशी दारात उभी होती. एका पायात घरातली चप्पल होती, दुसऱ्या पायात बाहेरची.

"ताई!" ती ओरडली. "ताईला काय झालं? काय कापलंत तिचं?"

आई आमच्या दोघांच्या मधे अर्धी उभी होती. दोन वर्षांनी बहीण समोर आल्यावर काय बोलावं याची तिने बरीच तयारी करून ठेवली असणार. ती तयारी त्या क्षणी हाताशी नव्हती.

"स्क्रू," ती म्हणाली.

मावशी खुर्चीत मटकन बसली. तिला धाप लागली होती. बायकोने पाणी दिलं.

"चाल आली नाही तुझी," मावशी पाण्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं... मुदत वाढवून देता येते का बघत होते मी त्यात. कुठे काही सापडेना."

आईने बहिणीच्या पायांकडे पाहिलं.

"रस्ता अशी ओलांडून आलीस?"

"मग काय उडत येऊ?"

"गाडी आली असती म्हणजे?"

"आली असती तर मोकळी झाली असतीस. झाकणही मिळालं असतं."

इथून पुढे संभाषण सुरळीत झालं. झाकणाचा विषय उघडला गेला, त्याखालून टेम्पोचा निघाला आणि त्याखालून लहानपणीची एक छत्री निघाली. दोघींनी एकमेकींना मनसोक्त सुनावलं. त्या गदारोळात बायकोने बॅटरी सोडवली, मी नवी बसवली, आणि मधेच मावशी कळवळून उठली, तेव्हा हरवलेला स्क्रू तिच्या खुर्चीवर सापडला. दिवेलागण झाली तरी भांडण ऐन रंगात होतं. गोंद रात्रभर सुकू द्यायचा होता, म्हणून टॅबलेटवर वजन ठेवायला मावशीने आमच्या घरातला सर्वांत जाड शब्दकोश शोधून आणला. तो कुठे असतो हे तिला न विचारता माहीत होतं.

"पासवर्ड कळला असता तर हे सगळं करायलाच लागलं नसतं," मी न राहवून म्हणालो.

"कुठला पासवर्ड?" मावशीने विचारलं. "तो? तो मी केव्हाच विसरले."

रविवारी मावशी पुन्हा आली, गोंद सुकला का बघायला. या वेळी दोन्ही चपला एकाच जोडीतल्या होत्या. टॅबलेट सुरू झाला. पडद्यावर आधी कंपनीची खूण आली आणि मग पट उघडला. चारी डोकी त्यावर वाकली. मला बुद्धिबळ थोडंफार कळतं. आईचा हत्ती सरळ शेवटच्या रांगेत जात होता आणि मावशीच्या राजाला हलायला जागा नव्हती.

आईने एक प्यादं एक घर पुढे ढकललं.

"आई! अगं, मात होत होती!"

आईने माझ्याकडे जी नजर टाकली तिचं वजन कोणत्याही प्रमाणित मापात बसणार नाही. मावशी छताचं निरीक्षण करत होती.

"तुला किलो कळतात," आई म्हणाली. "हे राहू दे."

रात्री बायकोने मला समजावून सांगितलं. त्या खेळात डाव संपला की नवा मांडण्यासाठी एकीने दुसरीला 'खेळतेस का?' असं विचारावं लागतं. विचारणार कोण? म्हणून दोघी दोन वर्षं मोठ्या निगुतीने एकमेकींना जिंकू देत नव्हत्या आणि हरूही देत नव्हत्या.

चाल झाल्यावर मावशी उठली. "जाते. विचार करायला हवा," असं म्हणून रस्ता ओलांडून गेली. टॅबलेट उत्तम चालतोय, त्यामुळे पुन्हा यायचं तिला काहीच कारण उरलं नाही. अहवालाच्या दृष्टीने दुरुस्ती पूर्णपणे यशस्वी झाली.

पुढच्या आठवड्यात आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "ही नवी बॅटरी किती दिवस टिकेल रे?"

"तीन-चार वर्षं तरी आरामात."

"एवढी?" आई म्हणाली, आणि भाजीकडे बघत राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी दारात मावशी उभी. हातात तिचा टॅबलेट, कव्हरसकट.

"माझाही फुगलाय," ती कोणाकडेही न बघता म्हणाली.

मी कव्हर उघडलं. टॅबलेट काचेसारखा सपाट होता. त्याच्या पाठीशी बिस्किटांच्या पुठ्ठ्याची चौपदरी घडी खोचलेली होती. मी अनेक वर्षं बनावट मापं पकडत आलो आहे, इतकं ढोबळ काम माझ्या पाहण्यात नाही. आई माझ्याकडे बघत होती. बायकोने न विचारताच हातमोजे चढवायला घेतले.

"बिघाड गंभीर आहे," मी घडी परत जागच्या जागी खोचत म्हणालो. "बरेच शनिवार लागतील."

"सांगितलं होतं मी," मावशी आईला म्हणाली आणि आत येऊन बसली.

हे वाचून कोणाला घरी बॅटरी बदलण्याचा हुरूप आला असेल तर त्याने प्रथम आपलं कोणाशी बोलणं बंद आहे ते ठरवावं आणि टेबल त्याच्या खिडकीसमोर मांडावं. आपलं कोणाशीच बोलणं बंद नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे काम आजच हाती घ्यावं. कोणीतरी केव्हाचं अबोला धरून बसलेलं असतं, तुम्हाला तेवढं कळवायचं राहून गेलेलं असतं.