सहा चमच्यांचा गेटपास

केसरबाईनं कपबशी खाली ठेवली, समोर फडक्यावर मांडलेल्या सहा चांदीच्या चमच्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेबानं दिले म्हनं! चांदी अशी कुनी देतं व्हय? उचलले असतील माझ्या भावानं."

खंडूराव जाऊन सव्वा महिना झाला होता. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे पांगले होते आणि पिंपरीच्या त्या दोन खोल्यांत वस्तू वाटायचं काम तेवढं उरलं होतं. वस्तू तरी किती? एक घड्याळ, एक गरम कोट आणि हे चमचे. सत्तेचाळीस साली खडकीच्या बंगल्यातला साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आपल्या बटलरला ते बक्षीस दिले, असं खंडूराव जन्मभर सांगत आले होते. दर रविवारी ते चमचे राखेनं घासायचे आणि पेटीत परत ठेवायचे. त्या चमच्यांनी घरात कधी कुणी घासभर काही खाल्लं नव्हतं.

"आत्या, साहेबाची चिठ्ठी आहे," थोरली नीला म्हणाली. ती चिंचवडच्या शाळेत शिकवायची आणि घरातही आवाज चढवायची नाही. तिनं पेटीच्या तळाचा पिवळा कागद उलगडून मराठीत सांगितला : खंडूच्या इमानी चाकरीवर खूश होऊन त्याला जे. टी. बनावटीचे सहा चांदीचे चमचे दिले आहेत.

"ह्याच चमच्यांची चिठ्ठी कशावरनं?" केसरबाई म्हणाली. "कागद काय, कशालाबी चिकटतो."

ती गेली. नीला मात्र तिथंच बसून राहिली. बाप जिवंत असता तर हसून म्हणाला असता, "केसर अशीच हाय." आता त्याच्या वतीनं हसायलाही कुणी नव्हतं.

विलायती चांदीवर ठसे असतात, हे नीलानं ज्ञानकोशात वाचलं होतं. सिंह म्हणजे अस्सल चांदी, एकटं अक्षर म्हणजे साल आणि चौकटीतली दोन अक्षरं म्हणजे घडवणाऱ्याचं नाव. चमच्यांच्या पाठीवर ठसे होतेही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या राखेनं ते मुंगीच्या पावलाएवढे उरले होते.

"जे. टी. दिसलं की झालं," ती धाकट्या भावाला म्हणाली. "आत्याच्या हातात भिंग देईन."

"भिंग कशाला, ताई?" भीमराज म्हणाला. तो एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता आणि बारा वर्षांत त्यानं एकही चुकीचा नग पास केला नव्हता. "आमच्याकडं मायक्रोस्कोप आहे. उद्या फर्स्ट शिफ्टला नेतो, दुपारी रिपोर्ट तुझ्या हातात."

त्यानं चमचे जेवणाच्या डब्यातून नेले. आत जाताना गेटवर डबा कुणी बघत नाही. बाहेर पडताना बघतात. बारा वर्षं तिथं नोकरी केलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. त्यात त्या दिवशी मायक्रोस्कोप रिकामा मिळाला नाही. साडेतीनला चमचे जसे आत गेले तसेच बाहेर निघाले आणि गेटवर डबा खळखळला.

चारला निरोप आला : चिठ्ठी घेऊन गेटवर या. नीला पोचली तेव्हा टेबलावर सहा चमचे ओळीनं मांडलेले होते. एका बाजूला मान खाली घातलेला भीमराज, दुसऱ्या बाजूला कॅन्टीनचा कोंडीराम आणि मधे सिक्युरिटीचे हिंदुराव. हिंदुराव फौजेतून हवालदार होऊन आले होते आणि मिशीसुद्धा नियमानं कापायचे.

"हे आमचेच," कोंडीराम म्हणत होता. "नव्वद चमचे होते, चाळीस उरलेत. गेल्या महिन्यात बरोबर सहा कमी झाले."

"कॅन्टीनचे चमचे ॲल्युमिनियमचे असतात," भीमराज म्हणाला.

"मग? घरी नेऊन घासले असतील. घासल्यावर काय चमकत न्हाई?"

"बाई," हिंदुराव नीलाला म्हणाले, "आत येताना ज्याची नोंद नाही, ते कंपनीचं. नियम आहे."

"हे माझ्या वडलांचे आहेत."

"कशावरून?"

दोन दिवसांत हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. नीलानं चिठ्ठी पुढे केली. हिंदुरावांनी एकेका शब्दावर बोट ठेवून ती वाचली.

"ठीक. चमच्यांवर जे. टी. निघालं तर तुमचे, नाही निघालं तर कॅन्टीनचे. सकाळी इन्स्पेक्शनचा रिपोर्ट मागवतो."

"सकाळी इन्स्पेक्शनला मीच आहे," भीमराज चाचरत म्हणाला.

"मग तुम्हीच करा. पण खरं लिहा."

हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी भीमराज घरी आला तो उंबऱ्यातच बसला.

"एकावरही जे. टी. नाही, ताई. सहा चमचे, सहा कारागीर, सहा सालं. एका लॉटचे नाहीतच."

"मग काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? चांदी – आहे. जे. टी. – नाही." त्यानं कपाळ चोळलं. "आता कोंडीराम म्हणतो, चांदीचे असले तरी आमचेच. हिंदुरावांनी कपाटात ठेवलेत, मालक सापडेपर्यंत."

सहा ठिकाणचे सहा चमचे. आत्या म्हणाली तसं उचलले, तेही एकदा नाही, सहा वेळा? नीला बापाच्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली.

कस्तुराबाई, म्हणजे त्यांची आई, तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "सहा वर्सं लागली त्याला गोळा कराया."

दोघांनी एकदम वर पाहिलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"मला कुनी इचारलं? तुमी मशीनला इचारत होता." तिनं सूप खाली ठेवलं. "साहेबानं दिलेले त्ये मुलाम्याचे होते. चार वर्सांत पांढरं गेलं, आत पिवळं. तुजा बाप रातभर झोपला न्हाई. म्हनला, साहेबानं कागदावर चांदी लिवलंय, कुनी बघितलं तर साहेब खोटा ठरंल. मग दरसाल कारखान्याचा बोनस झाला की पुण्याच्या जुन्या बाजारात जायचा आन एक इलायती चमचा आनायचा. हाय का आता त्यो साहेब बघाया?"

"पण आत्या इतकं बोलायची. बाबांनी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? उचलले म्हनलं तर लोक दबून तरी असत्यात. पगारातनं इकत घेतले म्हनलं तर येडा म्हनत्याल."

"आणि साहेबाचे चमचे कुठं गेले?" भीमराजनं विचारलं.

"कुठं जात्यात? मीठ, हळद काय हातानं काढता रोज?"

नीलानं मिठाच्या डब्यातला चमचा काढून धुतला. पितळेसारखा पिवळा, दांड्याला जरा वाकलेला. पाठीवर जे. टी. ही अक्षरं इतकी ठसठशीत होती, की मायक्रोस्कोपला लाज वाटावी.

सकाळी ती सहाही डब्यांतले चमचे काढून गेटवर गेली. हिंदुरावांनी चमचे चिठ्ठीशी ताडून पाहिले.

"बरोबर. जे. टी., नग सहा. हे तुमचे सिद्ध झाले."

"आणि कपाटातले?"

"ते कुणाचे, ते सिद्ध झालेलं नाही."

मग नीलानं त्यांना सगळं सांगितलं. साहेबाचा मुलामा, बोनस, जुना बाजार. बाप गेल्यापासून ती त्याच्याविषयी इतकं कुणाशी बोलली नव्हती. हिंदुराव मिशीवरून हात फिरवत ऐकत होते.

"माझ्या मेजरसाहेबांनी मला घड्याळ दिलंय," ते म्हणाले. "सोन्याचं, असं म्हणाले होते."

"मग?"

"मी कधी सोनाराकडं नेलं नाही."

त्यांनी वही ओढली आणि आवक लिहिली : चमचे, नग सहा. मग पावतीपुस्तक उघडून गेटपास फाडला : चमचे, नग सहा. कपाट उघडून चांदीचे चमचे नीलाच्या पिशवीत टाकले आणि पिवळे दारात येऊन उभ्या राहिलेल्या कोंडीरामपुढे सरकवले.

कोंडीरामनं एक उचलून उजेडात धरला. "बघा! मी काय म्हणत होतो? हेच आमचे. मला लांबनं ओळखू येतात."

नीला घरी आली. तिनं चांदीचे चमचे आईपुढे ठेवले. कस्तुराबाईनं ते मोजले आणि विचारलं, "माझे कुठायत?"

"ते कॅन्टीनला गेले, आई. त्याशिवाय हे सुटत नव्हते."

"आन मी मीठ कशानं काढू?" म्हातारी खरोखरच चिडली होती. तिनं सहा चमचे उचलले, एकेका डब्यात खुपसले आणि झाकणं लावून टाकली.

रविवारी केसरबाई आली. नीलानं चहा ठेवला. साखरेचा डबा उघडला, मग भाजीसाठी मिठाचा. केसरबाई उठून जवळ आली. तिनं मिठातला चमचा उचलला, पालथा केला, पुसला, पुन्हा पाहिला. भीमराजनं पेपर तोंडापुढं धरला. काही विचारलं असतं तर त्याला खोटं सांगता आलं नसतं.

"अगं, चांदी अशी मिठात?" केसरबाई म्हणाली. "काळी पडंल की!"

"पडू दे, आत्या," नीला म्हणाली. "वापरायलाच दिलेत."

केसरबाईनं चमचा डब्यात ठेवला आणि पदरानं डोळे टिपले.

"साहेबानंच दिले असनार," ती म्हणाली. "चोरीचा माल असा कुनी मिठात ठेवत न्हाई."