सावे सरांचा परदेश

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे सावे सर दर मे महिन्यात नववीची पंधरा-वीस मुलं घेऊन परदेशी जात आणि दिवेलागणीच्या आत पालघरला परत येत. सातपाटी म्हणजे नॉर्वे, कारण दोन्हीकडे मासे वाळत घालतात. मासवण म्हणजे स्वित्झर्लंड, कारण डोंगर. माकुणसारला जपान का, असं विचारलं तर म्हणाले, "बाई, कुठेतरी हवाच ना जपान."

मी शिवणाची बाई. सहलीत मुलीही असत, म्हणून हेडमास्तरांनी हे लचांड माझ्या गळ्यात मारलेलं. मनोरपर्यंत जायचं तरी एसटीत लिंबू हुंगत बसणारी मी, मला कसली आलीय परदेशाची हौस?

सरांचा नियम एकच. गावाच्या वेशीवर पोचलं की ते मनगटावरचं घड्याळ त्या त्या देशाप्रमाणे फिरवत आणि गंभीरपणे सांगत, "देश बदलला." पुढचं सगळं त्या घड्याळाने. सातपाटीला भर बारा वाजता मुलं डबे उघडू लागली की सर म्हणत, "साडेसात वाजलेत. एवढ्या सकाळी कोण जेवतं?" बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना मुलांची दया यायची.

"मास्तर, पोरं भुकेली हायत. तुमचा घड्याल बंद पडला काय?"

"चालू आहे. नॉर्वेत आहे."

मुलांचा लाडका देश जपान. तिथे नऊ वाजताच जेवणाची वेळ होई.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं, अमेरिकन इंजिनिअर राहायला आले आणि सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. पहिल्याच सहलीत एसटीतून उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. सरांनी काटे फिरवले. "देश बदलला. मध्यरात्र उलटून गेली. झोपा." मुलं गुमान सुरूच्या सावलीत आडवी झाली. मीही पदर तोंडावर घेऊन पडले. तेवढ्यात एक गोरा साहेब तिथून चालला होता. वीस माणसं उन्हाने आडवी झाली असं समजून तो बादली घेऊन धावत आला आणि पहिली ओंजळ माझ्या तोंडावर मारली. सरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला पटवलं, की तुझ्या गावी आता सगळे झोपलेत. साहेबाने स्वतःच्या घड्याळात पाहिलं, बोटं मोजली आणि हसत आमच्याजवळ बसला. मी मात्र आठवडाभर सरांशी बोलले नाही.

अशा माणसाला खरंच बोलावणं आलं. मुंबईची एक संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक शाळकरी मुलांना बोटीने जपान दाखवणार होती. निवडलेल्या मुलाबरोबर त्याच्या शाळेतला एक शिक्षकही जाणार होता. आमच्याकडून निवड झाली सातपाटीच्या हिरा तांडेलची, आणि शिक्षक अर्थातच सावे सर. एकटा जीव, मागे ना कोणी वाट पाहणारं, ना अडवणारं. आपला जुना कोट ते माझ्याकडे मापाचा करून घ्यायला घेऊन आले. एरवी घडाघडा बोलणारा माणूस, पण कोट अंगावर चढवून माझ्या आरशासमोर गप्प उभा राहिला.

तिकडे हिराचा बाप धर्मा नाखवा अडून बसला. "मास्तर, तुमच्यावर भरोसा हाय. पन पोरीसंगती बाईमानूस असल तरच धाडीन. नायतर नाय."

हेडमास्तरांनी सोपी वाट काढली. यादीत दुसरं नाव एका मुलाचं होतं, त्याला पाठवू. सर म्हणाले, "निवड हिराची झालीय." आणि फॉर्मवरचं स्वतःचं नाव खोडून त्यांनी माझं लिहिलं. मी पुष्कळ आदळआपट केली. लिंबाचं सांगितलं, सासूचं सांगितलं. सर नुसतेच म्हणाले, "बाई, तिचं वय पंधरा आहे."

गेले. बोटीवर चार दिवस अंथरुणातून उठले नाही, हिरानेच माझं सगळं केलं. पुढे मात्र जपानने मला पार वेडं केलं. सरांना काय काय सांगायचं, ते रोज मनात घोळवत होते.

परत आले तर हा माणूस एक अक्षर विचारीना. महिना गेला, दोन गेले. मी विषय काढला की सरांना लगेच तास असायचा. जळतात मेले, असंच वाटलं मला.

मग एकदा मासे घ्यायला सातपाटीला गेले तेव्हा धर्मा नाखवा भेटला. "बाई, तुमी गेल्या आनि माजा जेवान तुटला. मास्तर रोज सायकल मारीत येयाचे. आज पोर हितं असल, उद्या तितं असल, नकाशावर दावायचे. माज्यासंगती जेवून मगच जायाचे."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच वह्या तपासत होते. मी समोर जाऊन बसले. "सर, मला एकदाही का नाही विचारलंत?"

त्यांनी वही मिटली. "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, बाई. आणि मग मला फार जावंसं वाटलं असतं."

आणि त्यांनी पुढची वही उघडली.