लिफ्टवाल्या काकांचा निवृत्ती समारंभ

कार्यक्रम कुठलाही असो, आपल्या हातून तो फसणं शक्य नाही, असं सोहळेराव छातीवर हात ठेवून सांगत. खरं तर छातीवर हात ठेवायची सवय त्यांना दुसऱ्या तक्रारीनंतर लागली होती. पण ऐकणाऱ्याला तो आत्मविश्वास वाटे, आणि सोहळेरावांनीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

सोहळेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉटेल-साखळीच्या रिसॉर्टमध्ये ते समारंभांचे व्यवस्थापक होते, आणि आचाऱ्यापासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. साखळीच्या चाळीस शाखा. चाळीसही ठिकाणी पडदे तेच, खुर्च्या त्याच, आणि स्वागताला उभ्या माणसाने किती दात दाखवायचे तेही ठरलेलं!

वर्षभरात त्यांच्या नावावर दोन तक्रारी जमा झाल्या होत्या. पहिली एका पन्नासाव्या वाढदिवसाची. तिथे टाळ्यांच्या गजरात पांढरी कबुतरं सोडायची होती. सोडलीही. फक्त छताचे पंखे बंद करायचे राहून गेले. पुढचं न सांगितलेलंच बरं. समोर लहान मुलं बसली होती. दुसरी तक्रार एका लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची. पडद्यावर नवराबायकोचे जुने फोटो दाखवायचे होते. फोटो दाखवले, नवरा तोच होता, बायको मात्र आधीची निघाली.

मुख्यालयाने कळवलं, “तिसऱ्या तक्रारीनंतर पत्र येणार नाही. तुमच्या जागी नवा माणूस येईल.”

सोहळेरावांच्या बायकोने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, “पन्नाशी उलटलेल्या माणसाला आता दुसरीकडे कोण ठेवून घेणार? पोरं अजून शिकतायत. एवढी नोकरी तेवढी जपा. आणि पाखरांपासून लांब राहा!”

अशा दिवसांत एक काकू त्यांच्या टेबलासमोर येऊन बसल्या. हातात फोटोची फ्रेम, आणि सोबत राखाडी मिशांचा, खांदे पाडून चालणारा एक माणूस. त्याला सगळे पानाभाऊ म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम एक पाना असे.

“आमचे हे तुमच्याकडे लिफ्टचं काम बघायचे,” काकू म्हणाल्या.

सोहळेरावांना लगेच ओळख पटली. लिफ्टवाले काका! तीस वर्षं या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट त्या माणसाने चालत्या ठेवल्या होत्या. दहा दिवसांपूर्वी त्यांनी दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद केली, वरचं यंत्र बघायला म्हणून जिन्याने निघाले आणि पाचव्या मजल्याच्या वळणावर बसले, ते उठलेच नाहीत. जन्मभर लोकांचे जिने वाचवणारा माणूस जिन्यातच गेला. देवाच्या विनोदाला हसावं की रडावं, कळत नाही.

“चार महिने राहिले होते निवृत्तीला,” पानाभाऊ म्हणाला. “आम्ही कामावरचे लोक मिळून शोकसभा ठेवणार आहोत. तीस-चाळीस माणसं, दोन मिनिटं शांतता, चार शब्द, चहा. बास.”

“मला काही थाटमाट नको हो,” काकू म्हणाल्या. “शांतपणे व्हावं, एवढंच. घरात दहा दिवस नुसता गलबला आहे. मला धड रडायलाही सवड मिळालेली नाही.”

सोहळेरावांचे डोळे भरून आले. ते माणूस वाईट नव्हते. “काकू, तुम्ही निश्चिंत राहा,” ते म्हणाले, आणि छातीवर हात ठेवला. “टाचणी पडली तर ऐकू येईल!”

मग त्यांनी संगणक उघडला, आणि तिथे घोडं अडलं.

साखळीच्या संगणकात समारंभाचे पाचच प्रकार होते. वाढदिवस, लग्न, लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती आणि कंपनीची बैठक. प्रकार निवडल्याशिवाय संगणक ना हॉल देई, ना खुर्च्या, ना चहा. सोहळेरावांनी मुख्यालयाला फोन लावला.

“शोकसभेसाठी काय निवडू?”

“शोकसभा?” पलीकडचा आवाज एकदम गोंधळला. “आपली साखळी आनंदाची आहे साहेब. तसा प्रकार आपल्याकडे नाही.”

“पण माणसं मरतात हो!”

“मरत असतील. नवा प्रकार हवा असेल तर समितीकडे अर्ज करा. तीन महिन्यांत निर्णय येतो.”

सोहळेराव विचार करू लागले. वाढदिवस? छे! लग्न? तोबा! बैठक म्हणावं तर त्यात फळा आणि विक्रीचे आकडे येणार. राहता राहिली निवृत्ती. तसं बघितलं तर माणूस कामातून सुटला होता, एवढं खोटं नव्हतं. त्यांनी ‘निवृत्ती’वर बोट ठेवलं, आणि ‘सत्कारमूर्ती’च्या रकान्यात लिफ्टवाल्या काकांचं नाव घातलं.

आता या प्रकारासोबत काय काय लटांबर येतं, ते सोहळेरावांना तोंडपाठ होतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच ते कामाला लागले. फाटकावर ‘आता फक्त आराम!’ असा फलक लागत होता, तो खाली उतरवला. आचाऱ्याने केकवर आरामखुर्ची काढली होती, तो केक शीतकपाटात ढकलला. ट्रम्पेटवाला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. फुगे स्वतःच्या हातांनी एकेक करून फोडले, तेही बाहेर बागेत, आवाज होऊ नये म्हणून. दहा वाजता त्यांनी घाम पुसला आणि बायकोला फोन केला.

“सगळं काढून टाकलं! आज काही म्हणजे काही होणार नाही!”

“असं बोलू नका हो,” बायको म्हणाली. “तुम्ही असं बोललात की माझ्या पोटात गोळा येतो.”

बायकोच्या पोटाला जे कळतं ते मुख्यालयाला कळत नाही. मुख्यालयाने त्याच वर्षी नवी योजना काढली होती. दर महिन्याला चाळीस शाखांतून एक समारंभ निवडायचा आणि तिथे थेट मुख्यालयातून सरप्राईज पाठवायचं. शाखेला अजिबात कळू द्यायचं नाही. सगळं कॅमेऱ्यात टिपायचं, आणि मोठे साहेब लोक ते आपल्या जागेवर बसून बघणार. या महिन्यात निवड कोणाची झाली, हे वेगळं सांगायला नको.

अकरा वाजता सभा सुरू झाली. पुढच्या मधल्या खुर्चीवर काकांचा फोटो ठेवला होता, शेजारच्या खुर्चीवर काकू. मागे कामावरची माणसं, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेली. पानाभाऊ उठून म्हणाला, “आपण दोन मिनिटं शांत उभं राहू.” सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. खरोखर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सोहळेराव दाराशी उभे होते, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं.

पहिलं मिनिट संपलं, आणि दार धाडकन उघडलं.

“अरे, काय ही शांतता! कोणी मेलंय का इथे?”

चकचकीत जांभळा कोट, हातात माईक, मागे कॅमेरा घेतलेली एक मुलगी. मुख्यालयाचा निवेदक! सोहळेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत गेले आणि त्याला कोपऱ्यात ओढलं.

“थांबा! ही शोकसभा आहे! सत्कारमूर्ती वारलेत!”

निवेदकाने माईक बाजूला धरला आणि डोळा मिचकावला. “आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय साहेब. शाखेतले लोक घाबरून काहीही कारणं सांगतात, म्हणाले. लक्ष द्यायचं नाही. मागच्या महिन्यात एक जण म्हणाला, हॉलला आग लागलीय.”

“आणि?”

“लागली होती थोडी. पण कार्यक्रम झाला!”

सोहळेरावांनी त्याचा कोट धरला. कॅमेरावाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, मुख्यालयात थेट दिसतंय हं.” सोहळेरावांचा हात आपोआप सुटला. माणसाला लाज असते तशी नोकरीही असते, आणि दोन्हींची ओढाताण झाली की लाजच आधी सुटते. ते जागच्या जागी खिळून राहिले. पुढे जन्मभर त्यांना याच एका क्षणाची टोचणी लागून राहिली.

निवेदक तोवर मंचावर पोचला होता. “मंडळी! तीस वर्षांच्या सेवेनंतर आज आपले लाडके काका मोकळे झाले! टाळ्या!”

एकाही हाताने टाळी वाजवली नाही. पुढच्या ओळीत एक बाई हुंदका देऊन रडू लागली.

“बघा, बघा! निरोपाचा क्षण म्हटला की डोळ्यांत पाणी येतंच!” कॅमेरा त्या बाईवर गेला. “आणि या आपल्या काकू! काकू, आता काका चोवीस तास घरी! कसं सांभाळणार?”

काकूंनी मान वर केली. “आता काय सांभाळायचं राहिलंय?” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“हात टेकले काकूंनी आत्ताच!” निवेदक खुशीत आला. “पण काकू, घाबरू नका! साखळीकडून तुम्हा दोघांना खास भेट! समुद्राकाठच्या आमच्या शाखेत दोन दिवस, फक्त तुम्ही दोघं! एकच अट, सहा महिन्यांच्या आत जोडीने यायचं!” त्याने एक सोनेरी पाकीट काकूंच्या मांडीवर ठेवलं. “आणि आता सत्कारमूर्तींना मंचावर बोलावूया. खुर्चीवर फोटो पाठवून स्वतः लपून बसलेत, खट्याळ आहेत! सगळे माझ्याबरोबर म्हणा, काका, या!”

हॉलमध्ये त्याच्या एकट्याचा आवाज घुमला. तो आणखी एकदा ओरडला. तिसऱ्या वेळी पानाभाऊ उठला. खांदे पाडून, सावकाश चालत तो मंचावर चढला आणि त्याने निवेदकाच्या हातातून माईक काढून घेतला.

“तो येणार नाही,” पानाभाऊ म्हणाला. “पंधरा दिवस झाले. मीच त्याला जिन्यावरून खाली आणला. पाच मजले. लिफ्ट बंद होती.”

एवढं बोलून त्याने माईक खाली ठेवला. जांभळ्या कोटातला माणूस पांढराफटक पडला. त्याने फोटोकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि तो मंचाच्या कडेवर मटकन बसला.

“यावर प्रशिक्षणात काही नव्हतं,” तो पुटपुटला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मुख्यालयाच्या माणसांनी रंगीत कागदाच्या तोफा मंचामागे आधीच गुपचूप लपवून ठेवल्या होत्या, आणि त्यांना घड्याळ लावलेलं होतं. बरोबर त्याच क्षणी चारही तोफा धडाधड उडाल्या. लाल, पिवळे, चंदेरी कागद छतापर्यंत उडाले आणि भिरभिरत खाली आले. फोटोवर, खुर्च्यांवर, रडणाऱ्या बाईच्या केसांत, पानाभाऊच्या मिशांवर. त्यातच सनई-ढोलाची धून सुरू झाली, आणि ती बंद करायचं बटण मुख्यालयात होतं!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सोहळेरावांना झालं. गेली नोकरी. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांना नोकरीही आठवत नव्हती. काकूंनी एकच गोष्ट मागितली होती, आणि तेवढीच त्यांना देता आली नव्हती. ते रंगीत कागद तुडवत गेले आणि काकूंसमोर गुडघ्यांवर बसले.

“काकू, माझी चूक. सगळी माझीच. मी दारात उभा राहून बघत बसलो. तक्रार करा माझी. लेखी करा.”

काकूंचे खांदे हलत होते. त्या रडतायत असं सगळ्यांना वाटलं. मग आवाज आला, आणि कळलं की त्या हसतायत. हसता हसता रडत होत्या, रडता रडता हसत होत्या, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हसत होत्या.

“तुम्हाला सांगते,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “या माणसाला कार्यक्रमांचा भारी तिटकारा होता. कुठेही न्या, दहा मिनिटांत गायब! स्वतःच्या लग्नात जेवणाच्या आधी पळाला. पोरीच्या लग्नात तासभर सापडला नाही, तर गडी हॉलच्या लिफ्टमध्ये बसून होता! चाळीस वर्षं मी प्रत्येक ठिकाणी शेजारी रिकामी खुर्ची घेऊन बसले हो.” त्यांनी फोटोवरचा एक चंदेरी कागद बोटाने उचलला. “आज पहिल्यांदा, बघा ना, शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिला.”

मग मात्र त्या खरंच रडल्या. पंधरा दिवसांचं साचलेलं रडल्या, आणि पानाभाऊ शेजारी उभा राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ढसाढसा रडला. सनई वाजतच होती. तिची कोणालाच फिकीर नव्हती.

काकूंनी तक्रार केली नाही. तक्रारीच्या कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं, “माणसं चांगली आहेत. त्या निवेदकाला पाणी द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्यालयातून फोन आला. सोहळेरावांनी उभं राहून तो घेतला. मोठे साहेब स्वतः बोलत होते.

“आवाज इकडे धड पोचलाच नाही, नुसती सनई ऐकू येत होती, पण काय चित्रण झालंय! अहो, लोक किती रडत होते! चाळीस शाखांत कोणाच्या निवृत्तीला एवढी माणसं रडलेली नाहीत! ती शेवटी हसणारी-रडणारी बाई तर अप्रतिम! तुमच्या दोन्ही तक्रारी माफ. यंदाचा सर्वोत्तम समारंभ तुमचाच!”

सोहळेरावांचा हात छातीवर गेला. खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. मग डोळ्यांपुढे बायको आली, शिकणारी पोरं आली.

“आभारी आहे, साहेब.”

“पुढच्या महिन्यात इथे पुरस्कार सोहळा आहे. तुम्ही या, आणि त्या सत्कारमूर्तींनाही घेऊन या. ते आले पाहिजेत हं! त्यांच्याशिवाय पुरस्कार देता येणार नाही. सांगा त्यांना!”

सोहळेराव खुर्चीत बसले.

“सांगून बघतो, साहेब,” ते म्हणाले. “पण त्यांना कार्यक्रमांची फारशी आवड नाही.”